दोनशे वर्षांनी ठरलेला फितूर : वुक ब्रांकोविच आणि कोसोवोची लढाई

१/
सर्बियात एखाद्या राजकारण्याला ‘ब्रांकोविच’ म्हणणे ही शिवी आहे. तिचा अर्थ फितूर, घरभेदी, शत्रूला आतून दार उघडून देणारा. हे नाव चौदाव्या शतकातील एका खऱ्याखुऱ्या सरदाराचे आहे. वुक ब्रांकोविच हा सर्बियन वीरगीतांतील सर्वांत तिरस्कृत खलनायक. परंतु त्याच्या हयातीतील आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या पिढीतील साधने चाळली, तर या फितुरीचा मागमूसही लागत नाही. मग हा डाग लागला कधी, कोणी लावला आणि तो इतका पक्का का बसला? हा धागा त्याविषयी.

२/
आधी गीतांतील कथा. लढाईच्या आदल्या रात्री त्सार लाझार आपल्या सरदारांना मेजवानी देतो. सोन्याचा चषक उचलून तो मिलोश ओबिलिच या वीराचे नाव घेतो, त्याच्या निष्ठेचा गौरव करतो आणि त्याच दमात म्हणतो की उद्या तू मला दगा देणार आहेस. मिलोश उठून उभा राहतो, धन्याचे आभार मानतो आणि सांगतो की फितूर तर तुमच्या मांडीला मांडी लावून बसला आहे. त्याचा रोख लाझारचा जावई वुक याच्याकडे असतो.

३/
दुसऱ्या दिवशी मिलोश सुलतान मुरादला ठार करून आपला शब्द खरा करतो आणि स्वतः मारला जातो. वुक मात्र ऐन लढाईत बारा हजार चिलखती स्वारांसह मैदान सोडतो. लाझार पडतो, राज्य बुडते. रणांगणातून परतलेला जखमी सेवक राणी मिलित्साला ही हकीकत सांगताना वुकला, त्याला जन्म देणाऱ्यांना आणि त्याच्या साऱ्या वंशाला शाप देतो. गुस्ले या गजाने वाजवायच्या एकतारी वाद्यावर शतकानुशतके ही गीते गायली गेली आणि प्रत्येक गायनात तो शाप नव्याने उच्चारला गेला.

४/
आता इतिहास. सम्राट दुशानने उभारलेले सर्बियन साम्राज्य १३५५ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर विस्कळीत होत गेले. १३७१ मध्ये मारित्सा नदीकाठच्या लढाईत ओटोमन फौजेने दक्षिणेकडील प्रबळ सर्ब सरदारांचा फडशा पाडला. उरलेल्यांत दोघे पुढे आले. मोराव्हा खोऱ्यातील लाझार ह्रेबेल्यानोविच आणि कोसोवोचा वुक ब्रांकोविच. प्रिश्टिना, वुचित्रन, झ्वेचान ही ठिकाणे आणि पुढे स्कोप्ये वुकच्या ताब्यात होती; त्रेप्चाच्या चांदीच्या खाणीही त्याच्याच मुलखात. लाझारची मुलगी मारा ही त्याची पत्नी. गीते लाझारला ‘त्सार’ म्हणतात, पण त्याची खरी पदवी ‘क्नेझ’, म्हणजे राजापेक्षा खालची होती. वुक त्याचा जावई होता आणि जवळजवळ तोलामोलाचा सहकारीही.

५/
१५ जून १३८९, आजच्या दिनदर्शिकेप्रमाणे २८ जून. प्रिश्टिनाजवळच्या माळावर दोन्ही सैन्ये भिडली. हा मुलूख वुकचाच होता, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. लढाईत सुलतान मुराद मारला गेला आणि लाझारही मारला गेला. दोन्ही बाजूंची अपरिमित हानी झाली. मुरादचा मुलगा बायेझिद सत्ता पक्की करण्यासाठी घाईने माघारी वळला. वुक जिवंत राहिला. पुढे जे काही घडले, त्याचे बीज या शेवटच्या वाक्यात आहे.

६/
समकालीन साधने काय सांगतात? बॉस्नियाचा राजा त्वर्त्को याने लाझारच्या मदतीला फौज पाठवली होती. १ ऑगस्ट १३८९ रोजी त्याने डाल्मेशियातील त्रोगिर शहराला पत्र लिहून विजयाची वार्ता कळवली. फ्लॉरेन्सलाही त्याने तसेच कळवले. २० ऑक्टोबर १३८९ च्या फ्लॉरेन्सच्या उत्तरात बारा सरदारांनी शपथपूर्वक शत्रूची फळी फोडून मुरादपर्यंत मजल मारल्याचा गौरव आहे. ज्या राजाची माणसे त्या मैदानावर मेली, त्याच्या पत्रव्यवहारात कोणी दगा दिल्याचा एक शब्दही नाही.

७/
सर्बियन चर्चच्या लेखनातही तेच. लाझारला संतपद मिळाले, त्याच्यावर स्तुतिपर लेखन झाले. १४०२ च्या सुमारास येफिमिया या विदुषी जोगिणीने लाझारच्या अवशेषांसाठी रेशमी वस्त्रावर सोनेरी धाग्याने एक स्तवन भरले. पुढे १४३० च्या दशकात कॉन्स्टंटाइन ‘तत्त्वज्ञ’ याने लाझारच्या मुलाचे चरित्र लिहिले. त्यात मत्सरी लोकांनी ज्याची निंदा केली अशा एका अनामिक वीराने सुलतानाला मारल्याचे येते. निंदेचा हा धागा पुढच्या कथेत उपयोगी पडणार होता. पण निंदक कोण, हे तिथेही लिहिलेले नाही आणि फितूर तर कोणीच नाही.

८/
लढाईनंतर कोणी काय केले, ते पाहू. लाझारची विधवा मिलित्सा हिच्यासमोर अल्पवयीन मुलगे, उत्तरेकडून चाल करून आलेला हंगेरीचा राजा आणि दक्षिणेला बायेझिद, असा पेच होता. तिने बायेझिदचे मांडलिकत्व पत्करले. धाकटी मुलगी ओलिवेरा सुलतानाच्या जनानखान्यात गेली. त्या परिस्थितीत दुसरा मार्ग फारसा नव्हता, म्हणून इतिहासकार तिला दोष देत नाहीत. वुकने मात्र तो मार्ग धरला नाही. मुलूख थेट ओटोमन सरहद्दीला भिडलेला असूनही तो जवळजवळ तीन वर्षे स्वतंत्र राहिला.

९/
१३९२ च्या आरंभी ओटोमनांनी स्कोप्ये घेतले. त्यानंतरच वुक नमला. त्याच वर्षाच्या अखेरीस हिलांदर मठासाठी दिलेल्या त्याच्या सनदेत तुर्कांना द्याव्या लागणाऱ्या खंडणीचा उल्लेख येतो. तरीही तो पुरता ताब्यात आला नाही. १३९५ ची रोविनेची लढाई असो वा १३९६ ची निकोपोलिसची, बायेझिदच्या मांडलिकांमध्ये वुकची फौज दिसत नाही. अखेर सुलतानाने त्याचा मुलूख हिसकावला आणि त्याला कैद केले. ऑक्टोबर १३९७ मध्ये ओटोमनांच्या कैदेतच त्याचा मृत्यू झाला.

१०/
आता इतरांकडे पाहू. लाझारचा मुलगा स्तेफान लाझारेविच, म्हणजे वुकचा मेहुणा, हा निकोपोलिसला बायेझिदच्या बाजूने लढला आणि त्याच्या घोडदळाने युरोपीय ख्रिस्ती सैन्याच्या पराभवाला मोठा हातभार लावला. हिसकावलेल्या ब्रांकोविच मुलखाचा मोठा भाग त्यालाच मिळाला. १९२७ मध्ये सर्बियन चर्चने त्याला संत म्हणून मान्यता दिली. सर्बियन वीरगीतांचा सर्वांत लाडका नायक मार्को क्राल्येविच हाही प्रत्यक्षात ओटोमनांचा मांडलिक होता. तो १३९५ मध्ये रोविनेला बायेझिदसाठी लढताना मेला. एकाला संतपद मिळाले, दुसऱ्याला गीते मिळाली आणि जो नमायला सर्वांत जास्त वेळ लावून कैदेत मेला, त्याला शाप मिळाला.

११/
साधा तर्कही पुरेसा आहे. वुकने सुलतानाशी संधान बांधले असते, तर विजयी सुलतानाकडून त्याला बक्षीस मिळायला हवे होते. त्याऐवजी त्याने स्कोप्ये गमावले, मग सारा मुलूख, मग स्वातंत्र्य आणि शेवटी प्राण. लढाईच्या दिवशी आपल्या तुकडीचे त्याने नेमके काय केले, याचे वर्णन समकालीन साधनांत नाही. तो वाचला, एवढेच त्यांवरून निश्चित होते. पण वाचणे आणि विकले जाणे यांत फार मोठे अंतर आहे. ते अंतर पुढच्या दोन शतकांनी भरून काढले.

१२/
कसे भरले? पहिले कारण भाऊबंदकी. वुकच्या मृत्यूनंतर ब्रांकोविच आणि लाझारेविच या दोन घराण्यांत हाडवैर पेटले. १४०२ मध्ये त्रिपोल्ये येथे स्तेफान लाझारेविच आणि वुकचा मुलगा जुराज ब्रांकोविच यांच्या फौजा समोरासमोर आल्या. मामा आणि भाचा, तेही कोसोवोतच. लाझारची स्मृती जपणारे मठ आणि लेखक लाझारेविचांच्या छायेतले होते. त्यांनी वुकवर फितुरीचा आरोप लिहून ठेवला नाही, पण त्याचे गुणगान करण्याचेही कोणाला कारण नव्हते. लाझारच्या कीर्तीसाठी लेखण्या झिजत असताना वुकची जागा कोरी राहिली आणि कोऱ्या जागेत पुढे कोणीही काहीही लिहू शकतो.

१३/
दुसरे कारण आणखी एक लढाई. मामा-भाच्याचा पुढे समेट झाला आणि १४२७ मध्ये निपुत्रिक स्तेफाननंतर जुराज सर्बियाचा अधिपती झाला. ऑक्टोबर १४४८ मध्ये हंगेरीचा सेनानी यानोश हुन्यादी ओटोमनांशी लढायला कोसोवोच्याच माळावर उतरला. जुराजने त्याला साथ दिली नाही. हुन्यादी हरला आणि परतीच्या वाटेवर जुराजने त्याला स्मेदेरेवोच्या किल्ल्यात अडकवून ठेवले. युरोपच्या दरबारांत ‘ब्रांकोविच’ आणि ‘दगा’ हे दोन शब्द जोडले गेले ते या प्रसंगाने. कोसोवो तेच, आडनाव तेच. एकोणसाठ वर्षांच्या अंतरावरील दोन लढाया लोकस्मृतीत एकमेकींत मिसळल्या आणि मुलावरचा आरोप बापाच्या डोक्यावर जाऊन बसला, असे अनेक अभ्यासक मानतात.

१४/
या घराण्यावर लोकस्मृतीचा राग आणखी एका ठिकाणी दिसतो. जुराजने राजधानी म्हणून स्मेदेरेवोचा प्रचंड किल्ला बांधला. त्याची पत्नी इरिनी बायझंटाइन कांताकुझेनोस घराण्यातली. बांधकामाच्या वेठबिगारीचा सारा रोष या परदेशी राणीवर फिरला आणि लोककथांत ती ‘प्रोक्लेता येरिना’, म्हणजे शापित येरिना झाली. सर्बियात कुठेही मोडका किल्ला दिसला की तो येरिनाने गरिबांच्या रक्ताघामातून बांधला, अशी दंतकथा ऐकू येते. ब्रांकोविचांचे आडनाव लागले की लोककथेत खलत्व जणू वारशाने येते.

१५/
तिसरे कारण सर्वांत खोल आहे. लाझार संत झाला होता. ईश्वराचा लाडका माणूस केवळ संख्याबळापुढे हरतो, हे भाविक मनाला पचत नाही. त्याचा पराभव आतूनच झाला असला पाहिजे. आणि ख्रिस्ती समाजाजवळ या कथेचा साचा तयार होता : शेवटचे भोजन, मेजावर बसलेले शिष्य आणि त्यांच्यातला एक यहुदा. लाझारच्या मेजवानीचे गीत पुन्हा आठवावे. तिथला लाझार पुढच्या दिवसाची चाहूल लागलेला यजमान आहे आणि फितूर हाताच्या अंतरावर बसला आहे. साच्यात एक जागा रिकामी होती. मेलेल्या सरदारांपैकी कोणाला तिथे बसवता येत नव्हते. म्हणून जो जिवंत राहिला, तो तिथे बसला.

१६/
लिखित साधनांत हा प्रवास टप्प्याटप्प्याने दिसतो. पंधराव्या शतकाच्या अखेरीस कॉन्स्टंटाइन मिहाइलोविच या ओटोमन सैन्यात राहिलेल्या सर्ब माणसाने आठवणी लिहिल्या. काही सरदार शौर्याने लढले आणि काही नुसते पाहत राहिले, बेकीने लढाई घालवली, असा त्याचा सूर आहे. नाव कोणाचेच नाही. राज्य का बुडाले, या प्रश्नाचे उत्तर अजून ‘बेकी’ आहे. ते ‘फितुरी’ व्हायचे आहे.

१७/
नाव येते ते १६०१ मध्ये. दुब्रोवनिकचा बेनेडिक्टाइन साधू माव्रो ओर्बिनी याने इटलीतील पेझारो येथे स्लाव लोकांचा इतिहास प्रसिद्ध केला. ज्ञात लिखित साधनांत वुक ब्रांकोविचला कोसोवोचा फितूर म्हणून नावानिशी उभे करणारे हे पहिले पुस्तक. लढाईनंतर २१२ वर्षांनी! ओर्बिनी कारणही देतो. लाझारच्या दोन मुलींत आपापल्या नवऱ्याच्या पराक्रमावरून भांडण जुंपते. मिलोशची बायको वुकोसावा आपल्या बहिणीच्या, म्हणजे वुकच्या बायकोच्या, थोबाडीत देते. दोन साडूंचे द्वंद्व होते, मिलोश वुकला घोड्यावरून खाली पाडतो. त्या अपमानातून चहाडी आणि चहाडीतून फितुरी.

१८/
कथा रंगतदार आहे, पण तिचा पाया तपासू. लाझारच्या पाच मुली इतिहासाला ठाऊक आहेत. मारा वुकला दिली होती, दुसरी बल्गेरियाच्या राजघराण्यात, तिसरी हंगेरीच्या एका बड्या सरदाराला, चौथी झेटाच्या अधिपतीला आणि पाचवी ओलिवेरा बायेझिदकडे. यांत वुकोसावा नाही आणि मिलोश नावाचा जावईही नाही. म्हणजे बहिणींचे भांडण, ती चपराक आणि ते द्वंद्व यांना आधार नाही. यात मारावर झालेला अन्याय सहज नजरेआड होतो. वडील कोसोवोवर गमावलेली, नवरा कैदेत गमावलेली आणि शेवटी जोगीण झालेली ही स्त्री कथेत कलहाचे निमित्त होऊन बसते.

१९/
ओर्बिनीचे पुस्तक दूरवर गेले. पीटर द ग्रेटच्या काळात, १७२२ मध्ये, त्याचे रशियन भाषांतर निघाले आणि ऑर्थोडॉक्स स्लाव वाचकांपर्यंत पोहोचले. अठराव्या शतकात लाझारच्या कथेची हस्तलिखिते पसरली, त्यांत वुक आता फितूर म्हणूनच येतो. ग्रंथ आणि गीत यांची ही देवाणघेवाण होती : लेखक गायकांकडून घेत होते, गायक लेखकांकडून. ‘लोकपरंपरा म्हणजे निव्वळ तोंडोतोंडी आलेली अस्पर्श स्मृती’ हा समज अशा उदाहरणांपुढे टिकत नाही.

२०/
गीतांना छापील रूप दिले वुक स्तेफानोविच काराजिच याने. १८१४ मध्ये त्याचा पहिला गीतसंग्रह व्हिएन्नात निघाला. कोसोवोच्या काही गीतखंडांचा स्रोत म्हणून त्याने आपल्या वडिलांचाच निर्देश केला आहे. खलनायक आणि संग्राहक यांचे नाव एकच, याचेही कारण लोकाचारात आहे. ‘वुक’ म्हणजे लांडगा. ज्या घरात मुले जगत नसत, तिथे मुलाचे नाव वुक ठेवत, कारण मुले खाणाऱ्या चेटकिणी लांडग्याच्या वाटेला जात नाहीत अशी समजूत होती. आपले नाव याच कारणाने ठेवले गेले, हे काराजिचने १८१८ च्या आपल्या शब्दकोशात नोंदवले आहे.

२१/
एकोणिसाव्या शतकात सर्बिया राष्ट्र म्हणून उभा राहत होता आणि कोसोवो ही त्याची मध्यवर्ती कथा झाली. माँटेनेग्रोचा राजकवी न्येगोश याच्या १८४७ च्या ‘गोर्स्की वियेनाच’ या काव्यात मिलोश हा आदर्श आहे आणि ब्रांकोविच ही घृणेची वस्तू. राष्ट्रउभारणीला अशी जोडी सोयीची असते. पराक्रमाला एक चेहरा मिळतो आणि अपयशालाही एक चेहरा मिळतो. मग तोफा, पैसा, भूगोल, सरदारांतील बेबनाव, शत्रूची संघटना या कंटाळवाण्या कारणांकडे पाहावे लागत नाही.

२२/
या चेहऱ्याला आव्हान दिले एका मठाधिपतीने. ग्रगेतेग मठाचा प्रमुख इलारियोन रुवारात्स (१८३२–१९०५) याने अस्सल कागद आणि उत्तरकालीन गीते यांत रेघ ओढली आणि वुकच्या फितुरीला आधार नसल्याचे मांडले. ल्युबोमिर कोवाचेविच या इतिहासकारानेही त्याच सुमारास वुकची बाजू तपासून तोच निष्कर्ष काढला. वेळ नाजूक होती. १८८९ मध्ये लढाईचा पाचशेवा स्मृतिदिन साजरा होत होता. बेलग्रेडचे प्राध्यापक पांता स्रेच्कोविच यांच्यासारखे परंपरावादी गीतांना इतिहासाचे साधन मानत. वाद कडवट झाला. राष्ट्रभावना दुखावल्याचा ठपका येण्याची जोखीम पत्करून रुवारात्सने पुराव्याची बाजू सोडली नाही. सर्बियन इतिहासलेखनात चिकित्सक पद्धती रुजली ती या वादातून.

२३/
अभ्यासकांपुरता निकाल लागला. लोकमानसात तो लागला नाही. २८ जून १९८९ रोजी लढाईच्या सहाशेव्या स्मृतिदिनी गाझिमेस्तान येथे विराट जनसमुदायापुढे स्लोबोदान मिलोशेविच याने भाषण केले. कोसोवोवरची बेकी आणि फितुरी पुढे सर्बांच्या साऱ्या इतिहासाला वाईट नियतीसारखी चिकटून राहिली, असा त्याचा सूर होता. दोन वर्षांत युगोस्लाविया फुटू लागला आणि युद्धे सुरू झाली. तेव्हापासून तडजोडीची भाषा करणाऱ्याला ‘ब्रांकोविच’ म्हणून गप्प करणे सोपे राहिले आहे. सहाशे वर्षांपूर्वीच्या लढाईवरून रचलेला खोटा आरोप आजच्या माणसाला पुरावा न देता दोषी ठरवण्याच्या कामी येतो, हे या दंतकथेचे खरे उपद्रवमूल्य.

२४/
म्हणून वुकची कथा वाचताना गीत आणि सनद दोन्ही जवळ ठेवावीत. गीत खोटे म्हणून टाकून देण्यासारखे नाही. परक्या सत्तेखाली जगणाऱ्या शेतकऱ्यांना आपला पराभव कसा समजून घ्यावासा वाटला, याचे ते अस्सल साधन आहे. मात्र १३८९ मध्ये काय घडले, हे त्याला विचारू नये. ते त्वर्त्कोच्या पत्राला विचारावे, हिलांदरच्या सनदेला विचारावे आणि वुकच्या मृत्यूच्या तारखेला विचारावे. ज्या सुलतानाला तो विकला गेला असे गीत म्हणते, त्याच्याच वारसाच्या कैदेत तो मेला.